मुक्या माराची आंबेहळद

मी गाव सोडलं त्या सकाळी माय वेशीपर्यंत पोचवायला आली नाही. ती मळ्यात उभी होती आणि माझा मोठा भाऊ सदाशिव तिच्या डोळ्यांदेखत हळदीच्या वाफ्यांवरून नांगर फिरवत होता. हळद नुकतीच खणून झाली होती. दरवर्षी बेण्यासाठी गड्डे राखायचे. त्या वर्षी भावानं तेही विकून टाकले. मूर्तिजापूरच्या आसपास ज्याला त्याला कापसाचं वेड लागलं होतं. समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती, म्हणून साहेबाला आमचा कापूस हवा होता. एवढंच आम्हाला ठाऊक.

"माय, कापसाचा भाव पाह्यला का? हळदीले कोन इचारते आता?" भाऊ म्हणाला.

"ज्याले लागलं तो इचारते," माय म्हणाली.

आम्ही जातीचे माळी. मळ्यात बारमाही काम, म्हणून लग्नानंतरही मी आणि माझे मालक तिथंच राबत होतो. कापसात तसं नव्हतं. वेचणी संपली की हात रिकामे. उमरावतीला कापसाच्या गाठी उचलणाऱ्या हमालांना रोख मजुरी मिळते, असं कानावर आलं आणि आम्ही निघालो.

मायची आंबेहळद विहिरीजवळच्या सावलीत असायची. मोडली की कच्च्या कैरीचा वास यायचा. कुणाला बैलानं ढुसणी मारली, कुणी झाडावरून पडलं, की माणसं थेट मायकडं येत. ती आधी दुखऱ्या जागेवरून बोटं फिरवायची, मग सहाणेवर मुळी उगाळून, पळीत कोमट करून लेप द्यायची. त्या सकाळी मी निरोप घ्यायला वावरात गेले, तेव्हा तिनं थोड्या मुळ्या माझ्या पदरात बांधल्या.

"मुक्या मारालेच लावजो. कातडी फुटली तं साधी हळद. आन हाड हाललं असंन तं याच्या भरवशावर राहू नोको. सूज उतरली म्हंजे हाड जुळलं असं नाई." एवढं बोलून ती पुन्हा नांगराकडं बघत उभी राहिली.

उमरावतीत आम्हाला हमालांच्या चाळीत एक खोली मिळाली. मुकादम, दलाल, गोदाम, असे शब्द रोजच्या बोलण्यात आले. मजुरी खरोखर चांगली होती, पण सगळ्यांनीच ज्वारी सोडून कापूस पेरला, तेव्हा भाकर महाग झाली. गावी मेथी तोडून आणायची, इथं ती विकत घेताना मला लाज वाटायची. चाळीत कुणाचा ना कुणाचा खांदा सुजलेला असे. मी लेप देऊ लागले. बाया मला गया न म्हणता हळदवाली म्हणू लागल्या आणि त्या परक्या गावात मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

पुढच्या हंगामात गाडीवरून गाठ घसरली आणि माझ्या मालकांच्या खांद्यावर आली. त्यांना धरून घरी आणलं. मी मायसारखी बोटं फिरवली. आत काहीतरी सरकत होतं.

"हाड गेलं हाये. हाडं बसवणाऱ्याकडं चाला," मी म्हटलं.

"तो महिनाभर बांधून ठेवंन. तवरिक मुकादम दुसरा मानूस लावते. तू लेप दे."

मी नाही म्हटलं. ते चिडले. शेवटी दुखणं बघवेना, म्हणून लेप दिला, पण मी रोज त्यांच्या पाठीमागं लागले की चला. सूज उतरली, ठणका कमी झाला, आणि ते मला न सांगता कामावर गेले. त्याच दिवशी गाठीखाली खांदा बसला तो बसलाच. हात छातीच्या वर जाईना.

त्यानंतर ते सगळ्या चाळीला सांगत, "इच्या मायच्या औषधानं माह्यी वाट लागली." लोक माझ्याकडं यायचे थांबले. घरात दोघं असून आवाज फक्त भांड्यांचा.

मग ती दूरची लढाई थांबली आणि भाव कोसळला. भाऊ कापसाची गाडी घेऊन उमरावतीला आला. कापसावर माय बसलेली. "घरी खायाले पुरत नाई, काई दिवस ठेव इले," असं तो खाली बघत म्हणाला.

मायनं हातपाय धुतले आणि जावयासमोर बसली. खांदा चाचपला. मी भिंतीला टेकून उभी होते.

"हे तिरपं जुळलं, बाबू. याले माह्यी मुळी काई करनार नाई. लेकीनं तुमाले सांगतलं नवतं का?"

मालकांनी सदरा पुन्हा खांद्यावर ओढला. "सांगतलं होतं," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर दोष ठेवला नाही. माय थंडीत सुंठ घालून तेल कढवायची आणि त्यांचा खांदा चोळायची. त्यानं हात वर गेला नाही, झोप मात्र लागायची. पुढं आम्ही भाजीचं दुकान मांडलं. त्याला एक हात पुरतो.

माय आमच्याकडं राहिली ती राहिलीच. पण खोलीला तिनं घर म्हटलं नाही. "तुह्या खोलीत" असंच म्हणायची. शेवटच्या दुखण्यात तिनं एकच धोशा लावला, "मले घरी ने." आम्ही गाडी केली. गावात पोचलो तर कापूस पार विहिरीच्या काठापर्यंत आलेला. भावजयीनं पाणी दिलं, सुपारी दिली, ओसरीवर घोंगडी अंथरली. भाऊ "राहा" म्हणाला, मनापासून म्हणाला. माय वावराकडं बघत बसली. ऊन उतरल्यावर तिनं माझा हात धरला.

"चाल गया, घरी चाल."

मी गाडी जुंपायला सांगितली. कोणतं घर, हे मी विचारलं नाही. उमरावतीला परतल्यावर ती खोलीत आली, तिच्या जागेवर आडवी झाली आणि चार दिवसांत गेली.

तुम्ही जे गावात राहिलात ते म्हणता, परत या. जे माझ्यासारखे निघाले ते म्हणतात, आता कशाला. मला दोन्ही खरं वाटतं. भाजी घेताना कुणी गाव विचारलं, तर मूर्तिजापूरकडचं, असं तोंडातून निघतं. आणि संध्याकाळी दुकान आवरताना मालक म्हणतात, "चाल, घरी जाऊ," तेव्हा मी उठते आणि त्यांच्या मागं चालू लागते.