माझ्या आवाजातला खोटा हुकूम

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. मी तेव्हा भोकरदन तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, जल्दी या. पोरं पळवणारा म्हणून लोकांनी एका चादरीवाल्याला धरलंय. मी त्याला ग्रामपंचायतीत घालून कुलूप लावलं, पण लोक दार तोडून राह्यले."

हाताशी होते ते अंमलदार घेऊन निघालो आणि थेट त्या दारासमोर उभा राहिलो. जमाव ऐकेना. एक म्हातारा म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलं, दिसला की ठोका म्हणून!" त्यानं मोबाईल माझ्या कानाला लावला. आवाज माझाच होता, पण असं मी जन्मात कधी बोललो नव्हतो.

"हे कुणी धाडलं?"

"दाजींनी."

दाजींना मामांनी, मामांना चुलत्यांनी. आमच्याकडे वडीलधाऱ्यानं पाठवलेलं खरं की खोटं, हे विचारणं म्हणजे त्याचा अपमान. त्या मानपानावरच ही क्लिप गावभर फिरली होती. दार अंमलदारांवर सोपवून गर्दीत विचारत विचारत मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवणाऱ्या एका माणसापाशी पोहोचलो. हा बहाद्दर तिथंच उभा राहून शूटिंग करत होता!

"मलाबी कुणीतरी धाडलं, साहेब."

"कुणी? फोन दाखव."

मी फोन हातात घेताच त्यानं सगळं कबूल केलं. शांतता समितीच्या बैठकीतलं माझं भाषण एका अ‍ॅपला ऐकवून त्यानं माझ्या आवाजात हवं ते वदवून घेतलं होतं. का, तर चॅनल जास्त लोकांनी बघावं म्हणून!

मी म्हणालो, "आता या अ‍ॅपमध्ये लिही, पोरं मीच पळवतो."

त्यानं लिहिलं. फोन सगळ्यांसमोर माझ्या आवाजात तेच बोलला.

"मंग? मलाबी ठोका आता!" मी ओरडलो. कुणी जागचं हललं नाही. पाटलांनी कुलूप काढलं.

"चल बाबा, भिऊ नको," मी चादरीवाल्याला म्हणालो. बाहेर लोक वाजवत होते ती क्लिप त्यानं दाराआडून ऐकली होती. माझा आवाज ऐकताच तो कोपऱ्यात आणखी आकसला. शेवटी पाटलांनीच त्याला हाताला धरून बाहेर आणलं. तेव्हा मला फार वाईट वाटलं.

चॅनलवाल्यावर गुन्हा दाखल झाला. वरिष्ठांनी सल्ला दिला, जाहीर भाषणं कमी करा. मी बिलकुल ऐकलं नाही. चोराच्या धाकानं घराला दारच ठेवायचं नाही की काय?

खोटं बनवणारा एकच होता. ते घरोघर पोचवलं ते चांगल्या माणसांनी, हे मी त्या दिवशी शिकलो. आजही नात्यातल्या ग्रुपवर काही आलं की मी विचारतो, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" सोयरे चिडतात. एका व्याह्यांनी तर बोलणंच टाकलंय. टाकू देत. वडीलधाऱ्यांच्या मी पाया पडेन, पण त्यांचं खोटं पुढे पाठवणार नाही.