होडीचं तेल

चेहऱ्याला माशाचं तेल चोपडून गच्चीवर बसलेल्या बाईभोवती माश्या कशा घोंगावतात ते मी पाहिलंय. बाई माझी बायको, आणि तिला तिथे बसवणारा मी.

नव्वदच्या दशकात आम्ही बेलापूरला नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि वर्षभरात हिच्या गालांवर लाल चट्टे उठले. खपल्या सुटून उशीच्या अभ्र्यावर पिठासारख्या पडायच्या. कानाजवळचा एक चट्टा तर खोल जायला लागला. डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, ल्युपस. शरीर आपल्याच शरीरावर उठतं. मुळापासून जात नाही, पण ताब्यात ठेवता येतं. मलेरियात देतात ती गोळी रोज, अधूनमधून डोळ्यांची तपासणी, चट्ट्यांवर मलमाचा पातळ हात.

"आणि ऊन टाळायचं. नाहीतर कानाजवळचा व्रण कायमचा राहील."

हिने मान डोलावली. मी मनात म्हटलं, मलेरियाची गोळी गालाला?

आमच्या घराण्यात तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना एकच इलाज: तेल चोळा, कोवळ्या उन्हात बसवा. डॉक्टरबाईंचं ऊन म्हणजे दुपारचं, हे मी परस्पर ठरवून टाकलं. राहिलं तेल. जवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळी घ्यायला गेलो, तर कोळीणबाईंच्या ओट्यावर काळपट तेलाची बाटली.

"भाऊ, यो होरीला लावाचा तेल हाय. मानसाला नाय."

"होडी कुजत नाही ना त्याने?"

"नाय."

"मग द्या."

खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं, तर कातडी का टिकू नये? मी पदवीधर होतो, हेही सांगून ठेवतो.

बाटली उघडल्यावर हिने पदर नाकाला लावला. "अहो, ऊन नको म्हणाल्यात त्या."

"कोवळं ऊन त्यात धरत नाहीत."

आरशाला कंटाळलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. मी त्याचा फायदा घेतला. चार सकाळी तिला गच्चीवर बसवलं. सडक्या मुशी माशाचा तो वास माझ्या बोटांतून जेवणाच्या ताटात उतरायचा. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "वर टाकीत काही मेलंय का हो?" मी गंभीर चेहऱ्याने टाकीचं झाकण उचलून पाहिलं.

चौथ्या संध्याकाळी हिचे गाल सुजून लालबुंद झाले, अंगात ताप भरला. खपल्यांत तेल मुरून पिवळा चिकटा धरला होता. डॉक्टरबाईंनी खुर्ची मागे घेतली. "कसला वास हा?"

मी सगळं सांगितलं. होडीसकट.

"ऊन कोवळं असो नाहीतर जून, यांच्यासाठी ते ऊनच," त्या म्हणाल्या. तेलाबद्दल बोलल्याच नाहीत. तो अपमान जास्त लागला.

गोळ्या, मलम, पूर्ण बाह्या, छत्री. सूज उतरायला बरेच आठवडे गेले. कानाजवळचा खड्डा मात्र राहिला. तिथे आता केस येत नाहीत.

उरलेलं तेल हिने गॅलरीच्या लाकडी दाराला फासलं. मे महिन्यात दार तापलं की घरभर ती मुशी परत येते. एकदा मी सॅंडपेपर घेऊन घासायला बसलो, तर मलम लावता लावता आरशातूनच ही म्हणाली, "राहू दे. दार छान टिकलंय."