मोरपंखी फाटक

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पाचवीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होते. केळझरहून कुणीतरी पुलगावला आमच्या शाळेच्या कचेरीत फोन केला होता. सकाळी मळ्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता ती बसल्या जागी कलंडली, आणि दादा विहिरीवरून धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं... मी फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं आणि मगच वर्गाबाहेर पडले. असं का केलं, ते मला अजून कळत नाही. त्याला आता दीड महिना होईल.

सुमनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं घर भाजीपाला पिकवणारं, त्यामुळे लग्न होऊन आली ती थेट वांग्यांच्या वाफ्यातच. शिक्षण सातवीपर्यंत. मला नोकरी लागली ते सत्तर-बहात्तरचे दिवस. मी पुलगावला खोली करून राहू लागले आणि पंधरवड्याने शनिवारी घरी येऊ लागले. एकदा वाचनालयातून आणलेली एक कादंबरी मी घरीच विसरले. लेखिकेचं नाव मीही पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या खेपेला पाहते तर वहिनीने ती वाचून संपवली होती, शेवटची पानं दोनदा. पुस्तक परत देताना तिने एवढंच विचारलं, की या बाईनं अजून काही लिहिलं आहे का.

शोधल्यावर वाचनालयात त्या लेखिकेच्या आणखी चार कादंबऱ्या निघाल्या. एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, म्हणून मी चारही नावं कागदावर लिहून घरी नेली. मला वाटलं, ती पटकन एकावर बोट ठेवेल. तिने कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली आणि विचार करायला वेळ मागून घेतला. दुसऱ्या दिवशी निंदताना ती एकेका नावाशी खेळत बसली. ‘दुपारचा पाहुणा’ म्हणजे कुणीतरी न सांगता आलेला असणार आणि घरात भाकरी उरलेली नसणार. ‘मोरपंखी फाटक’ ऐकून मात्र तिचं खुरपं थांबलं. कोण रंगवत असेल असं फाटक, आत झाडं असतील की माणसं... ती बोलत राहिली आणि ऊन कधी कललं ते आम्हाला कळलं नाही. अजूनही मला ते फाटक आठवतं ते ऐकलेल्या गोष्टीसारखं नाही, तर मी तिथे राहून आल्यासारखं. शेवटी तिने ‘मोरपंखी फाटक’च सांगितलं.

ते मी घेतलं, आणि गाडीत वाचायला काढलं. त्यात एका बाईचं तान्हं बाळ जातं. वहिनीची पहिली मुलगी वर्षापूर्वी अशीच गेली होती, जन्मल्यानंतर अकराव्या दिवशी. त्यानंतर घरात कुणी तिचा विषय काढला नव्हता, वहिनीनेही नाही. मी पुस्तक परत केलं आणि वहिनीला सांगितलं, की ते कुणीतरी नेलं आहे. दुसरं दिलं, मग तिसरं, मग चौथं, पुढे इतरांचीही. प्रत्येक वेळी ती पुस्तक आनंदाने घेई, आणि प्रत्येक वेळी विचारी, ते फाटकवालं आलं का. मी नाही म्हणे. असं वर्षभर चाललं.

मग एका मंगळवारी ती शाळेच्या दाराशी उभी दिसली. आधी एसटीने वर्धा आणि तिथून रेल्वेने पुलगाव, असा एकटीने केलेला तिचा तो पहिलाच प्रवास. वाचनालयात जायचं म्हणाली. मी बहाणे केले, तिने ऐकले नाहीत. पुस्तक फळीवरच होतं. तिने मागची चिठ्ठी पाहिली. शेवटची तारीख माझ्याच नावाची होती, वर्षापूर्वीची. त्यानंतर ते कुणीही नेलं नव्हतं. ती माझ्या कार्डावर पुस्तक घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

लाजेने मी पुढच्या पंधरवड्याला घरी गेलेच नाही. महिन्याने गेले तेव्हा ती विहिरीचं पाणी जिथे पडतं त्या थारोळ्यात मुळे धूत होती. हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, “बाई, तुमी मले काऊन थांबवलं?”

तुला दुखेल असं वाटलं, मी म्हणाले.

“दुखलं ना. पण ते आधीबी दुखूनच राह्यलं होतं.” तिने मुळ्यांची जुडी बाजूला ठेवली. “त्या पुस्तकातली बाई गेलेल्या लेकराले नाव ठेवते. एकटीच असली का त्या नावानं बोलते त्याच्यासंग. आपल्या पोरीले नाव ठेवायचं राहूनच गेलतं, बारशाच्या आदल्या दिवशी गेली ते... मी आता ठेवलं. शेवंता.”

त्या दिवशी आम्ही दोघी थारोळ्याशेजारी बसून पहिल्यांदा शेवंताविषयी बोललो. तिचे केस कसे होते, ती कुणावर गेली होती. दुसऱ्याच्या दुःखाला काय सोसेल हे मी परस्पर ठरवलं होतं, त्याची माफी मी मागितली. तिने मुळ्याचा पाला माझ्या पिशवीत भरला आणि भाजीत हरभऱ्याची डाळ घालायला सांगितलं.

पुढे तिला दोन मुलगे झाले, मळा वाढला. त्या लेखिकेचं नवं काही आलं नाही. वहिनी त्याच पाच कादंबऱ्या आलटून पालटून मागवत राहिली, आणि दर वेळी कोणती ते ठरवायला तितकाच वेळ घेत राहिली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दादा मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसला होता. दादाने आयुष्यात बियाण्याच्या पाकिटावरच्या मजकुराखेरीज फारसं काही वाचलेलं नाही. तो म्हणाला, “सुधा, त्या बाईची पुस्तकं आनशीन का मले? पयलं कोनतं वाचू?”

मी मनातल्या मनात पाचही नावं उलटीपालटी करत राहिले.

“घाई नाई,” दादा म्हणाला. “इचार करून सांगजो. तुई वहिनीबी आठ-आठ दिवस इचार करे.”