कुणाचा हात न लागता

दिवाळी सरली की पारनेरच्या माळावरची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागतात. संसार घोड्यावर, माणसं पायी, ही धनगरांची रीत. धडधाकट माणूस घोड्यावर बसलं तर सगळा वाडा, बरोबरची सगळी बिऱ्हाडं हसतात. मनकर्णा धडधाकट नव्हती, तरी हसलेच.

आमवातानं तिची बोटं पार वाकली होती. सकाळी गाठ बसेना, गुडघा मुडपेना. डॉक्टर म्हणाला, आराम करा. कुठं करायचा ते काही त्यानं सांगितलं नाही. नवरा सहादेव वाईट नव्हता; पण वाटेत बायकोला सावरावं का मेंढरं, हे त्यालाही सुधरत नव्हतं. त्यानं साफ सांगितलं, पहिला मुक्काम कुणाचा हात न लागता गाठायचा. नाहीतर नागापूरच्या कंपनीतला तिचा भाऊ अंगद येऊन घेऊन जाईल. अंगदची पत्र्याची एक खोली. तिथं भावजयीच्या तोंडाकडं बघत पडून राहायचं.

ती बांधावर चढली आणि तिथून कबरी घोडीच्या पाठीवर सरकली. मूठ मिटत नव्हती, म्हणून लगामाची दोरी दातानं ओढून मनगटाला आवळली. मागं बोचकी, वर कोंबड्यांचं डालगं. प्रत्येक पावलागणिक कंबरेत सुरी फिरत होती. तोंडातून हूं निघालं नाही.

टाकळीच्या पुढं कबरी थांबली. गेल्या साली इथंच पालं पडली होती. आता तारेचं कंपाउंड, आत हॉटेलाचं बांधकाम. घोडीला काय त्याचं? मुक्काम आला, ओझं उतरवा. मनकर्णानं टाचा मारल्या. पायात जीवच नव्हता. मेंढरं टेकाडाआड गेली. वॉचमन आला, बाई बाजूला व्हा म्हणाला, दोरीला हात घालू लागला.

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली. डोळे भरले होते, ते पुसायलाही हात वर जाईना.

मग तिला आठवलं. सकाळी डालगं सगळ्यात शेवटी चढतं. कोंबड्या कलकलल्या की कबरी निघते. तिनं कोपर मागं हाणलं, पुन्हा हाणलं. डालगं हिंदकळलं, कोंबड्या ओरडल्या. कबरी चालू लागली.

दिवस कलताना ती मुक्कामावर आली. सहादेव फोन हातात घेऊन उभा. म्हणाला, अंगद निघालाय टेम्पो घेऊन. बायका तिला उतरवायला धावल्या. तिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पण खाली उतरणार कशी? कबरीचे पुढचे पाय थरथरत होते. आपल्या हट्टापायी मुकं जनावर उभंय, हे तिला सोसलं नाही. तिनं अंग सोडून दिलं आणि सरळ खाली आदळली.

मातीत पडल्या पडल्या म्हणाली, "आवं, लागला का कुणाचा हात?"

"न्हाई." सहादेवनं फोन लावला, अंगदला माघारी फिर म्हणाला. मग तिच्याजवळ उकिडवा बसला. "पन मनकर्णे, अजून घाट हाय."

तिच्या मनगटात दोरी रुतली होती. ती दातानं सोडवत राहिली.