फळ्यावरचा अभिप्राय

बँकेत पुढच्या आजींनी पॅडवर अंगठा टेकवला आणि शाईचा वास आला.

मरोळच्या आमच्या पालिकेच्या शाळेत, नववीत, बाईंनी पालकांचा अभिप्राय फळ्यावर लिहून दिला होता. आम्ही तो धड्याच्या उत्तरासारखा उतरवून घेतला. घरून फक्त आईचा अंगठा आणायचा होता.

"काय लिवलंस?" तिने विचारलं.

"शाळेचा दर्जा उत्तम आहे."

"गणिताची बाई परत इली?"

"दिवाळीपासून नाही."

आईने कागदाकडे जरा वेळ पाहिलं. मग अंगठा उठवला, पदराला पुसला आणि पुन्हा भाकरी थापायला बसली.

बँकेच्या रांगेतच माझा मोबाईल वाजला. लेकीच्या शाळेचा फॉर्म होता, पालकांचं मत हवं होतं. मी न वाचता 'उत्तम'वर अंगठा टेकवला. पुसायलाही काही नव्हतं.