चक्कीवरचं वायफाय

ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरायची माझी इच्छाही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जमाव अंगावर घेतला. पण पीठ दळायच्या चक्कीतल्या एका वायफायच्या डब्बीनं माणसं जेवढी उघडी करून दाखवली, तेवढी कुठल्या दरोड्यानं दाखवली नाहीत.

मी तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांची तर नाहीच. सकाळची हजेरी आटोपत होती तेव्हा गावातले एक वजनदार गृहस्थ आले. जमीन भरपूर, ओळखी त्याहून जास्त. सोबत त्यांचा भाचा होता, बहिणीचा मुलगा, लहानपणापासून मामाच्याच घरी वाढलेला. गृहस्थांच्या मुलीची सोयरीक मेडशीकडच्या एका घरात ठरली होती. कोणीतरी खोट्या नावाचं अकाउंट काढून मुलाकडच्यांना घाणेरडे मेसेज पाठवले, मुलीचे बनावट फोटो जोडले आणि सोयरीक मोडली. बोलताना बापाचा आवाज फाटत होता. त्याचा राग खरा होता, त्याबद्दल मला शंका नाही.

तपशील मात्र भाचाच पुरवत होता. उठताना तो म्हणाला, "साहेब, त्या चक्कीवाल्याच्या घरचं नेट तपासा. तेथूनच असन हे."

मी मान डोलावली आणि ते वाक्य डोक्यात ठेवलं. कागद यायच्या आधी ज्याला पत्ता माहीत असतो, त्याच्याकडे पोलिसानं एकदा तरी वळून पाहावं. पण डोक्यातलं वाक्य कोर्टात चालत नाही, म्हणून मी अज्ञात इसमावर गुन्हा नोंदवला आणि रीतसर माहिती मागवली.

नेट कंपनीचं उत्तर आलं. मेसेज गेले ते कनेक्शन खरोखर चक्कीवाल्याच्या नावावर होतं.

आता चक्कीवाल्याची मुलगी ऐका. फिर्यादीच्या मुलीची ती कॉलेजातली मैत्रीण. पोलीस भरतीत मैदान आणि लेखी दोन्ही पास झालेली. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. मैत्रिणीलाही ती "तूही फॉर्म भर" म्हणायची, म्हणून फिर्यादीनं तिला घराची पायरी बंद केली होती. झालं, लोकांना कारण मिळालं. अपमानाचा राग काढला, मैत्रिणीचं लग्न मोडलं. गुन्ह्यात तिचं नाव आलं असतं तर पडताळणीत तिचा निकाल लागला असता आणि वर्दीचं स्वप्न तिथेच संपलं असतं.

मी तिला दिवसाउजेडी, आईसह, महिला शिपायासमोर बोलावलं. तिचा फोन तिनं न मागता टेबलावर ठेवला. चौकशीत रडणारी माणसं मी खूप पाहिली, आणि रडणारा निर्दोष असतो असंही नाही. ही रडली नाही. प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर दिलं आणि शेवटी मलाच विचारलं, "साहेब, नेट आमच्या घरचं हाय म्हणून मेसेज मीच केला, हे कोनतं कलम?"

मला हसू आलं, पण ठाणेदारानं हसायचं नसतं.

इकडे गावातल्या चार शहाण्यांनी बैठक घेतली. आपल्याकडे तपास संपायच्या आत मिटवामिटवी सुरू होते. ठरलं असं की पोरीनं फिर्यादीच्या पाया पडून माफी मागावी, मग ते प्रकरण पुढे रेटणार नाहीत. चक्कीवाला साधा माणूस, घाबरून गेलेला. तो माझ्याकडे आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, पोरीची नोकरी लागाची हाय. तिच्याऐवजी मी पडतो पाया. काय जाते माहं?"

मुलगी दारातच उभी होती. "बाबा, तुमी पाया पडले म्हंजे मी केलं असंच झालं ना? मी केलं असन तर मले कोठडीत टाका. नाई केलं तर माफी कायची मागू?"

बापाचे जोडलेले हात सुटले. मी त्याला सांगितलं, पोरीचं ऐक.

फिर्यादीच्या ओळखी कामाला लागल्या. वरून फोन आला, पत्ता सापडलाय तर अटक का नाही? मी म्हणालो, "सर, घर सापडलंय. माणूस अजून सापडायचा आहे." पलीकडे फोन जरा जोरातच ठेवला गेला. गावात बोललं जाऊ लागलं की ठाणेदार चक्कीवाल्याचं पीठ खाऊन राह्यला. मी म्हटलं खुशाल बोला. माझ्या घरी पीठ बायको आणते, मला भाव विचारू नका.

सायबर शाखेतल्या शिपाईबाईंना साध्या कपड्यात घेऊन मी चक्कीवर गेलो. दोन मिनिटांत उलगडा झाला. दळणाला आलेली माणसं बाकड्यावर खोळंबून बसतात, म्हणून चक्कीवाल्यानं सगळ्यांना वायफाय मोकळं केलं होतं. तहानलेल्याला पाणी द्यावं तसं तो पासवर्ड द्यायचा. पासवर्ड काय, तर एक ते आठ आकडे ओळीनं. चक्कीच्या आवाजात ऐकू जात नाही म्हणून तो ओरडून सांगायचा. बसवणाऱ्यानं राउटरच्या आतल्या सेटिंगचा पासवर्डही कंपनीतून आला तसाच ठेवलेला. सिग्नल तर मागच्या गल्लीपर्यंत जात होता. आता सांगा, अशा कनेक्शनवरून एका पोरीला अटक करायची म्हणजे विहिरीचं पाणी कोणी नेलं म्हणून विहिरीच्या मालकाला धरण्यातला प्रकार झाला.

"याची पोच कमी करता येते का?" मी शिपाईबाईंना विचारलं. "कंदिलाची वात खाली करतो तशी?"

"येते सर."

मग डाव आखला. जुनी डब्बी पंचनामा करून काढली. पंच बाहेरगावचे घेतले, चक्कीवाल्याची लेखी संमती घेतली. त्या जागी सुरक्षेची सोय असलेला नवा राउटर बसवला. बाईंनी आधी आतल्या सेटिंगचा पासवर्ड बदलला, नवी सुधारणा उतरवून घेतली, बाहेरून राउटर उघडायची सोय बंद केली, बटण दाबून फोन जोडायची सोयही बंद केली. मग एकाच राउटरवर दोन नेटवर्क केली. घरच्यांसाठी वेगळं, लांबलचक पासवर्डचं. चक्कीवरच्या लोकांसाठी जुन्याच नावाचं, जुन्याच पासवर्डचं, पण घरच्या नेटवर्कपासून तोडलेलं. कोणतं यंत्र कधी जोडलं गेलं याची नोंद राउटर ठेवेल अशी व्यवस्था केली. शेवटी पोच एवढी कमी केली की सिग्नल बाकड्यापलीकडे जाईना. मुलगी लांब उभी राहून सगळं बघत होती. राउटरला हात लावायची तिला मनाई होती, आणि तिनं ती पाळली. गावात सांगितलं, केबलवाल्यानं डब्बी दुरुस्त केली.

पुन्हा मेसेज करायची वेळ त्या माणसावर येणार, हे मला ठाऊक होतं. फिर्यादीच्या मुलीसाठी कारंज्याकडचं दुसरं स्थळ चाललं होतं. त्या घरच्या कर्त्या बाईंना मी आधीच जाऊन भेटलो. सगळं सांगितलं. बाई खमकी निघाली. म्हणाली, "येऊ द्या मेसेज. पोरगी आमी डोयानं पाह्यली, फोनमधी नाई पाह्यली."

काही दिवस काही घडलं नाही. चक्कीवर माझा एक हवालदार दळणाचा डबा घेऊन बसायचा आणि बाया त्याला "बायकोनं घराबाहेर काढलं काय, भाऊ?" म्हणून छळायच्या. मग एका दुपारी चक्कीवाल्यानं स्वतःच त्याच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "जमादार, तो पोरगा गहू घेऊन आला. त्यायच्या घरी तर घरघंटी हाय. आमच्याकडं कायले आला?"

बाकड्यावर फिर्यादीचा भाचा बसला होता. पायाशी गव्हाचा डबा, हातात फोन. त्याच्या मामाचं घर मागच्याच गल्लीत. आतापर्यंत त्याला गच्चीवर बसून सिग्नल मिळत होता. वात खाली केल्यावर त्याला उजेडात यावं लागलं. घरात दळायचं यंत्र असलेला माणूस आमच्या भागात चक्कीवर डबा घेऊन बसत नाही. पोलिसाच्या नजरेतून ही गोष्ट निसटली असती, चक्कीवाल्याच्या नजरेतून ती निसटणं शक्यच नव्हतं.

हवालदारानं त्याला हटकलं नाही, फक्त नजरेआड होऊ दिलं नाही. तेवढ्यात कारंज्याकडच्या बाईंचा ठाण्यात फोन आला, आत्ताच मेसेज आलाय. मी पंच घेऊन पोहोचलो. फोन जप्त केला. खोटं अकाउंट त्यातच उघडं होतं. राउटरच्या नोंदीत त्या वेळी तोच फोन जोडलेला होता.

चौकशीत आधी तो म्हणाला फोन कोणीतरी वापरला. मग म्हणाला गंमत केली. मी काही बोललो नाही, चहा पाजला. शांत बसलेल्या अधिकाऱ्यासमोर खोटं बोलणं फार कष्टाचं काम असतं. शेवटी तो फुटला.

"मामाच्या पोरीवर हक्क माहा होता. लहानपणापासून सारे म्हणत होते, तुलेच देऊ. मग मोठं घर भेटलं तं मले काहून विसरले?"

"आणि चक्कीवाल्याच्या पोरीनं तुझं काय घेतलं होतं?"

हक्काची भाषा करणाऱ्याला दुसऱ्याचा हक्क विचारला की त्याची वाचा बसते, हे मी नेहमी पाहिलं आहे.

आता खरी परीक्षा होती. काल अटक का नाही म्हणून ओरडणारे फिर्यादी आज ठाण्यात येऊन म्हणाले, "घरातलं प्रकरन हाय साहेब. बंद करून टाका. बहिणीचं पोरगं हाय."

"गुन्हा नोंदला गेला की तो तुमच्या घरचा राहत नाही."

"माही पोरगी जबाब देनार नाई. मंग काय करसान?"

त्यांचं म्हणणं कच्चं नव्हतं. जिची बदनामी झाली तीच बोलली नाही तर केस लंगडी पडणार होती. मी दुसऱ्या दिवशी तिला निरोप पाठवला, आणि ती एकटीच पायी आली. मागोमाग बाप धावत आला. ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "लिहा साहेब. फोटोत चेहरा माहा लावला, बदनामी माही झाली. बाबांले जे बोलायचं ते घरी बोलतील." बाप दाराशी उभा होता. तिनं मागे पाहिलं नाही. जबाब वाचून घेतला, एक चूक दुरुस्त करायला लावली आणि मगच सही केली. मला तिचा खूप अभिमान वाटला, हे लपवायचं कारण नाही.

पुढे पडताळणीचा कागद ठाण्यात आला. पुन्हा वरून फोन. "संशयित म्हणून चौकशी झाली होती, एवढी ओळ टाका. खोटं तर नाही ना ते?" खोटं नव्हतंच, म्हणून तर ते जास्त वाईट होतं. त्या एका खऱ्या ओळीनं एका निर्दोष पोरीची नोकरी गेली असती. मी म्हणालो, "सर, तसा लेखी आदेश द्या." तो आदेश कधी आला नाही. मी लिहिलं, प्रतिकूल काही आढळले नाही, आणि सही ठोकली. काही महिन्यांत माझी बदली झाली. कारण प्रशासकीय होतं, असं हुकमात लिहिलं होतं. मी हुकूम वाचला आणि सामान बांधलं.

लोक विचारतात, त्या केसनं काय शिकवलं. राउटर घेतल्याबरोबर त्याचे दोन्ही पासवर्ड बदला, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा, हे तर सांगतोच. पण तरुण अधिकाऱ्यांना मी दुसरंही सांगतो. यंत्र तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतं. दाराच्या आत कोण आहे हे पाहायला स्वतःच्या पायानं जावं लागतं, आणि वरचा माणूस घाई करत असेल तर जरा जास्तच सावकाश जावं.

मी गाव सोडायच्या आधी चक्कीवाला पेढे घेऊन आला. मुलगी सोबत होती, नेमणुकीचं पत्र मिळालेलं. बाप तिला म्हणाला, "साहेबायच्या पाया पड. यायचे लय उपकार हायेत."

ती जागची हलली नाही. "उपकार कायचे बाबा? माहं होतं तेच मले भेटलं."

बाप ओशाळला. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "बरोबर बोलली बाई. आता अशीच बोलत जाय, साहेबासमोरही."