विहीणबाईंचं मत

जावयाचा फोन आला तेव्हा मी त्याला आधी फैलावरच घेतलं. तीन महिने माझी मुलगी प्राची माहेरी, अकोल्याला माझ्याकडे येऊन राहिली होती आणि या तीन महिन्यांत अमोलने आम्हाला एकदाही फोन केला नव्हता. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि माझा पारा चढला. "आली का आठवण? आता बरी आली!" असं काहीतरी मी ताडताड बोलत सुटले. तो मधे बोलला नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "आई गेली." आणि फोन ठेवला. मी तशीच उभी... प्राची विचारत होती, कोणाचा फोन, काय झालं. सुमनताई गेल्या? माझ्या विहीणबाई? ज्यांना साधी रक्तदाबाची गोळी नव्हती? गुडघे माझे गेलेले, साखर माझी वाढलेली, आणि गेल्या त्या. अमरावतीच्या घरात सकाळी चहा ठेवला, फ्रीजमधून दूध काढायला म्हणून वळल्या आणि ओट्यापाशीच कोसळल्या, हे नंतर कळलं. आज काही आठवडे उलटले, तरी हे वाक्य लिहिताना मला ते कोणा दुसऱ्या बाईबद्दल लिहिते आहे असंच वाटतंय.

मुलीच्या आईने मुलाच्या आईशी कसं वागायचं याचे आपल्याकडे अलिखित नियम आहेत. आवाज खाली, मान खाली, पदर नीट. मी टेलिफोन ऑफिसात उभी हयात बोलण्यात घालवलेली बाई, मला ते जमणं कठीणच होतं. पण पहिलं वर्ष मी निभावलं. "बरं आहे ना?" "बरं हाये." "पाऊस?" "हाये." एवढ्यावर आमचं संभाषण संपायचं. मग एकदा त्यांच्याकडे राहून आले आणि उशाशी माझं पुस्तक विसरले. 'परांड्यांच्या सुना', भाग पहिला. पुण्याकडचं मोठं घर, पाच मुलगे, त्यांच्या आई माईसाहेब, आणि दर भागात एका मुलाचं प्रेम जमून लग्न होतं. मुखपृष्ठावर नवराबायको एकमेकांना बिलगून उभे. मी लाजेने अर्धी झाले. विहीणबाई काय म्हणतील, या वयात ही बाई काय वाचते! आठवड्याने त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "इहीनबाई, दुसरा भाग हाये का तुमच्याजवळ?"

तिथून आमची मैत्री झाली. प्राची माहेरी आली की जाताना तिच्या बॅगेत पुढचा भाग जायचा. सुमनताई त्याला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालायच्या, कारण व्याही दिवसभर घरात असत आणि ते बिलगलेलं जोडपं त्यांच्यासमोर कसं उघडं टाकायचं! मग दुपारी फोनवर आमचा निकाल लागायचा. सुमनताईंचं मत म्हणजे सुप्रीम कोर्ट. लेखिकेने तीनशे पानं खर्चून उभा केलेला नायक त्या एका वाक्यात झोपवायच्या. दुसऱ्या भागातला डॉक्टर नायक बायकोसाठी पावसात भिजत उभा राहतो, त्यावर मी डोळे पुसलेले, आणि त्या म्हणतात, "घरात छत्री नव्हती काय त्याच्या? येवढं शिकून पोट्टं बावळटच निघालं." माईसाहेबांच्या घरात सदा नाश्ता चाललेला, पण भाकरी कोणी थापताना दिसत नाही, यावर तर त्यांचा कायमचा आक्षेप होता. माईसाहेबांवर मात्र त्यांचा जीव. या मालिकेच्या वाचकांचा फोनवर एक ग्रुप होता, तिथे सगळ्या बाया त्या सासूला शिव्या देत, तेव्हा या एकट्या तिची वकिली करत.

आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की आम्ही नुसती पुस्तकाचीच चर्चा करत नव्हतो. थोरली सून मृण्मयी घरात आल्या आल्या मसाल्याचा डबा बदलते. सुमनताई म्हणाल्या, "काहून बदलला? जुन्याले काय कीड लागली व्हती?" आता आमच्या प्राचीने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवा स्टीलचा डबा आणला होता, हे आम्हा दोघींना ठाऊक. मी म्हटलं, "त्याचं झाकण ढिलं असन." "हो, ढिलं त होतंच," म्हणाल्या, आणि तो विषय कायमचा मिटला. जे दोन विहिणींना तोंडावर बोलता येत नाही ते आम्ही परांड्यांच्या अंगावर ढकलून बोलत होतो. मला यात मोठी मजा वाटायची.

एकदा मात्र त्या वेगळंच बोलल्या. मी विचारलं होतं, तुम्हाला यातलं नेमकं आवडतं काय? वाटलं, प्रेमाचं काही सांगतील, मी चिडवीन. त्या म्हणाल्या, "यातले नवरे बायकोशी बोलतात वं. पानंच्या पानं बोलतात. भांडले तरी बोलतात." मग म्हणाल्या, "आमच्या घरी तिसऱ्या दिवशी 'मीठ कमी हाये' येवढं भेटते." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

व्याही बडनेऱ्याला रेल्वेतून निवृत्त झालेले. सज्जन माणूस. कधी हात उगारला नाही, कधी पान-तंबाखू नाही. पण रुसले की अबोला धरायचे आणि तो अबोला महिनोन्‌महिने चालायचा. आणि अमोल त्यांच्यावरच गेला. भाजी करपली, अबोला. माहेरी एक दिवस जास्त राहिली, अबोला. शेवटी शेवटी तर प्राचीला तो कशावरून रागावला आहे हेही कळत नव्हतं. भिंतीशी तरी किती बोलणार? एके दिवशी बॅग भरून ती माझ्याकडे आली. सुमनताईंशी माझं बोलणं चालूच राहिलं, पण या विषयावर आम्ही दोघीही गप्प. आणि योगायोग बघा, त्याच सुमारास चौथा भाग आला आणि त्याच्या शेवटी चौथी सून ईशा घर सोडून माहेरी निघून जाते. ती परत येते की नाही ते पाचव्या भागात कळणार.

माझ्याकडून पुढचा भाग पोचेपर्यंत दम निघत नाही म्हणून सुमनताई अमरावतीच्या ज्या वाचनालयाच्या सभासद झाल्या होत्या, तिथे वाचकांची चर्चा ठेवली होती. त्यांनी मला आग्रहाने बोलावलं. ईशाने परत यावं, असं जवळजवळ सगळ्यांचं मत पडलं. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, प्रेम आहे तर येणारच. एक निवृत्त सर कुटुंबसंस्थेवर बरंच बोलले. कोणी म्हणालं, माईसाहेबांसारखी सासू असताना जायचं काय कारण? सगळे सुमनताईंकडे बघू लागले, कारण माईसाहेबांचा विषय निघाला की त्या उठणारच. त्या उठल्या. म्हणाल्या, "येऊ नये तिनं परत." आणि बसल्या.

माझ्या तर डोक्यात तिडीक गेली. म्हणजे माझी मुलगी यांना नकोच आहे तर! इतकी वर्षं गोड बोलून शेवटी चारचौघांत हे! बाहेर आल्यावर फाटकापाशी मी त्यांना गाठलं. व्याही त्यांना न्यायला आले होते, स्कूटर घेऊन दोन हातांवर उभे होते, तरी मी थांबले नाही. म्हटलं, "सरळ सांगा ना मंग, प्राची नको म्हणून. पुस्तकाच्या आडून काहून बोलता?"

"पुस्तकाचं नाही बोलत मी आता," सुमनताई म्हणाल्या. त्यांचा आवाज दबलेला नव्हता. "प्राचीचंच बोलून राहिली. तिनं येऊ नये. मुक्या घरात उमर गेली माही. वाटलं, पोरगं माह्यावर जाईन. नाही गेलं. तुमी आई आहा, लोकं काय म्हणतीन म्हणून धाडान तिले परत. नका धाडू, इहीनबाई... पोट्टी बोलाची इसरून जाईन."

एक सासू आपल्या सुनेबद्दल, आपल्या सख्ख्या मुलाच्या संसाराबद्दल हे बोलते? आणि नवऱ्याच्या देखत? व्याह्यांनी स्कूटर चालू केली. त्या मागे बसल्या आणि गेल्या. तीच आमची शेवटची भेट. त्यानंतर त्या महिनाभरही राहिल्या नाहीत.

तेरवीला मी आणि प्राची अमरावतीला गेलो. जेवणं उरकली, बाहेरची माणसं पांगली, आणि घरातली मंडळी बैठकीत जमली. परतवाड्याहून आलेल्या अमोलच्या आत्यांनी विषय काढला. "झालं गेलं सोडा आता. घरात बाईमाणूस नाही. दोन माणसं काय खातीन? पोट्टा मारत नाही, पीत नाही. सूनबाईनं आजपासून इथंच राहावं." सगळ्यांनी माना हलवल्या. इतक्या सहज, जणू कोणाला वाढायला बोलवावं तसं. प्राची स्वयंपाकघराच्या दारात हातात ताट घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मेलेल्या माणसाच्या घरात नाही म्हणायला जीभ उचलत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती नाही म्हणू शकणार नव्हती, आणि मी गप्प बसले असते तर ती तिथेच राहिली असती.

मी बोलले. फाटकापाशी सुमनताई जे म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. आत्याबाई उसळल्या. "मेलेल्या बाईच्या नावावर काईबी सांगता काय? आपल्या पोराचा संसार कोणती माय मोडीन? ते तुमच्या पुस्तकातलं असन काही!" सगळ्या नजरा माझ्यावर. मी खोटी बाई ठरले होते आणि जिने खरं सांगायचं तिच्या फोटोला हार घातला होता.

"पुस्तकातलं नव्हतं."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. व्याही बोलत होते. इतके दिवस घरात त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. आम्ही सगळे दचकलो.

"मी व्हतो तिथं. माह्यासमोर बोलली ते. मी गाडी चालू केली, तिले घरी आणलं. घरी आल्यावरबी तिच्याशी काही बोललो नाही." ओठ नुसते हलत होते. "ती मरेपर्यंत नाही बोललो... त्या गोष्टीचा राग धरून बसलो व्हतो."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. व्याह्यांनी मुलाकडे पाहिलं. अमोल खाली फरशीकडे बघत बसला होता. तो काहीच बोलला नाही. व्याही मग सगळ्यांना म्हणाले, "पोरीले जाऊ द्या."

आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. प्राची पाया पडली. सासरा आहे, आशीर्वाद पुटपुटेल आणि वळेल असं मला वाटलं. ते म्हणाले, "पोचल्यावर फोन कर." आणि ती मान हलवून पुढे निघाली तशी मागून पुन्हा, "मले कर."

अकोल्याला घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी प्राचीने फोन लावला. "बाबा, पोचलो आम्ही," म्हणाली. पलीकडून काही आवाज नाही. तिने फोन कानापासून दूर धरून बघितला, कट तर झाला नाही. नव्हता झाला. ती ठेवणारच होती, इतक्यात त्यांचा आवाज आला, अडखळत, खूप मोठ्याने, सवय नसलेला माणूस बोलतो तसा, मलाही ऐकू आला.

"बोल ना, बेटा. मी ऐकून राहिलो."